पंचतारांकित बिलातील सेवा शुल्क : ग्राहकाचा हक्क स्पष्ट, वेटरचे काय?

महानगरातील एखाद्या उच्चभ्रू हॉटेलात भोजन आटोपल्यानंतर टेबलावर येणारे बिल वरवर पाहता साधे असते. खाद्यपदार्थांची किंमत, पेयांची किंमत, कर आणि एकूण रक्कम, एवढाच त्याचा विस्तार. मात्र अनेक वर्षे या आकड्यांच्या मध्ये आणखी एक ओळ ठरलेली असे : सेवा शुल्क, दहा टक्के. पाहुण्यांसमोर त्यावर वाद घालणे अशोभनीय वाटत असल्याने बहुतेक जण ती ओळ न वाचताच कार्ड पुढे करत. या मौनावरच ही प्रथा उभी होती. आता ती न्यायालयाच्या कसोटीला लागली असून, हा प्रश्न काही शे रुपयांपुरता मर्यादित नसल्याचे स्पष्ट झाले आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी दिलेल्या निकालात बिलात सक्तीने सेवा शुल्क लावणे बेकायदेशीर ठरवले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांना नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया आणि फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया या दोन संघटनांनी आव्हान दिले होते. न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या आणि प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्चही बसवला. ग्राहकाला स्वेच्छेने बक्षिसी देण्यास कोणतीही आडकाठी नाही, मात्र ती रक्कम बिलात आपोआप जोडली जाता कामा नये, असा या निकालाचा आशय आहे. प्राधिकरण ही केवळ सल्ला देणारी संस्था नसून ग्राहकहितासाठी बंधनकारक सूचना देण्याचा अधिकार तिला आहे, हेही न्यायालयाने मान्य केले.

मूळ सूचना पाच होत्या. सेवा शुल्क बिलात परस्पर जोडू नये. ते दुसऱ्या कोणत्याही नावाने वसूल करू नये. ग्राहकावर सक्ती करू नये आणि ते ऐच्छिक असल्याचे त्याला स्पष्ट सांगावे. शुल्क न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारू नये. शुल्क बिलात मिळवून त्या बेरजेवर वस्तू व सेवा कर आकारू नये. या सूचनांना जुलै २०२२ मध्येच स्थगिती मिळाली होती. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरिम व्यवस्था म्हणून 'कर्मचारी योगदान' असे नाव वापरण्याची आणि ते दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, अशी अटही घालण्यात आली. नाव बदलले, पण प्रश्न तोच राहिला. अखेरच्या निकालाने त्यावर उत्तर दिले.

पाचव्या सूचनेचे महत्त्व एका साध्या हिशेबावरून लक्षात येते. मोठ्या हॉटेलातील उपाहारगृहांना साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागू होतो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार, ज्या हॉटेलात मागील आर्थिक वर्षात एखाद्या खोलीसाठी दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक भाडे आकारले गेले, तेथील उपाहारगृह या दराच्या कक्षेत येते. स्वतंत्र उपाहारगृहांना मात्र पाच टक्के दर असून त्यांना आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. आता पाच हजार रुपयांचे जेवण गृहीत धरू. त्यावर १८ टक्क्यांनी ९०० रुपये कर होतो. दहा टक्के सेवा शुल्काचे ५०० रुपये आधी मिळवले, तर कर ५,५०० रुपयांवर लागतो आणि तो ९९० रुपये होतो. म्हणजे ग्राहकाच्या खिशातून ५०० नव्हे, तर ५९० रुपये जादा जातात. त्यातही ही ओळ कराच्या ओळीला खेटून छापलेली असल्याने हे शुल्क सरकारी असावे, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्यातील मूळ रक्कम सरकारकडे जात नाही.

मद्याचा हिशेब याहून वेगळा आहे. मानवी सेवनासाठीचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले आहे. राज्यघटनेच्या ३६६ (१२अ) या अनुच्छेदातील व्याख्येतच हा अपवाद आहे. त्यामुळे एकाच टेबलावरील ताटावर देशभरात लागू असलेला कर लागतो, तर शेजारच्या पेल्यावर त्या त्या राज्याचे उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर. महाराष्ट्रातील 'परमिट रूम' हा शब्दच १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील परवान्यांच्या व्यवस्थेची आठवण करून देतो. राज्यात नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधील मद्यावरील मूल्यवर्धित कर पाचवरून दहा टक्के करण्यात आला. पुढे उत्पादन शुल्क व परवाना शुल्कातील वाढीची भर पडल्यावर १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बारचालकांनी एक दिवसाचा बंद पाळला.

येथे टक्केवारीने आकारल्या जाणाऱ्या सेवा शुल्काची विसंगती उघडी पडते. राज्याने मद्यावरील कर वाढवला की पेल्याची किंमत वाढते आणि किंमत वाढली की सेवा शुल्कही वाढते. पेला तोच, तो आणून देणारे हातही तेच. श्रमात काडीचाही फरक नसताना सेवेचे मोल मात्र वाढलेले दिसते. साधे सरबत मागवणाऱ्या टेबलाची आणि महागडी आयात वाइन मागवणाऱ्या टेबलाची सेवा करायला वेटरला जवळपास सारखेच कष्ट पडतात, पण शुल्कात कित्येक पटींचे अंतर पडते. हे शुल्क सेवेचा मोबदला असल्याचा दावा या कसोटीवर फारसा टिकत नाही.

उद्योगाचे म्हणणे मात्र सहज झटकून टाकण्याजोगे नाही. सेवा शुल्काची प्रथा अनेक दशके जुनी आहे, मेनूकार्डवर ते स्पष्ट छापलेले असते आणि ते वाचून ऑर्डर देणारा ग्राहक एका अर्थाने करारच करतो, असा संघटनांचा युक्तिवाद होता. काही ठिकाणी कामगार संघटनांशी झालेल्या करारांत या रकमेच्या वाटपाचा उल्लेख असल्याचेही सांगण्यात आले. त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा पडद्यामागील माणसांचा होता. रोख बक्षिसी टेबलापाशी उभ्या असलेल्या वेटरच्या हाती पडते. भट्टीसमोर घाम गाळणारा आचारी, भांडी घासणारा कामगार, चादरी आणि मेजपोस धुणारा कर्मचारी यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. सेवा शुल्क एकत्र जमा होऊन वाटले गेले, तर त्यांनाही वाटा मिळतो. या मुद्द्यात तथ्य आहे.

तरीही उद्योगाची खरी अडचण त्याच्या स्वतःच्याच जुन्या विजयात दडलेली आहे. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकणाऱ्या हॉटेलांवर वैध मापनशास्त्र कायद्यानुसार कारवाई होऊ शकते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. फेडरेशननेच लढवलेल्या त्या प्रकरणात १२ डिसेंबर २०१७ रोजी निकाल हॉटेलांच्या बाजूने लागला. ग्राहक हॉटेलात केवळ पाण्याची बाटली विकत घ्यायला जात नाही. तेथील बैठक, वातावरण आणि सेवा यांचाही तो उपभोग घेतो, त्यामुळे छापील किमतीचे बंधन तेथे लागू होत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता.

या विचाराची परंपरा आणखी मागे जाते. १९७८ मध्ये नॉर्दर्न इंडिया केटरर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहात जेवण वाढणे ही वस्तूची विक्री नसून मूलतः सेवा आहे, असे मानले होते. त्यामुळे राज्यांचा विक्रीकर धोक्यात आला आणि १९८२ ची ४६ वी घटनादुरुस्ती करावी लागली. त्या दुरुस्तीने सेवेचा भाग म्हणून दिलेले अन्न व पेयही करासाठी विक्री मानण्याचा मार्ग मोकळा केला. अन्न आणि सेवा एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, ही भूमिका हॉटेल व्यवसायाने अशा रीतीने दीर्घकाळ मांडली आणि तिचा लाभही घेतला.

मग प्रश्न उरतो तो असा : सेवा आणि वातावरण आधीच पदार्थाच्या वाढीव किमतीत धरलेले असतील, तर त्याच सेवेसाठी आणखी एक ओळ कशासाठी? उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध संघटनांनी अपील केल्यानंतर ऑगस्ट २०२५ मधील सुनावणीत खंडपीठाने नेमका हाच मुद्दा उपस्थित केला. वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीसाठी शंभर रुपये घेतले जात असतील, तर वरचे ऐंशी रुपये वातावरणाचे नव्हेत का, असा त्या विचारणेचा रोख होता. एकाच सेवेचे मोल किमतीतही घ्यायचे आणि शुल्कातही घ्यायचे, हे दोन्ही युक्तिवाद एकत्र नांदू शकत नाहीत.

ग्राहकाचा हक्क येथपर्यंत पुरेसा स्पष्ट आहे. खरी चिंता त्यापुढची आहे. सक्तीचे शुल्क गेल्यावर ज्याच्या नावाने ते गोळा होत होते, त्या कामगाराचे काय? या प्रश्नाला आणखी एका निकालाची पार्श्वभूमी आहे. हॉटेलने कार्डाच्या बिलातून गोळा करून कर्मचाऱ्यांना वाटलेली बक्षिसी हे वेतन आहे का, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसी लिमिटेडच्या प्राप्तिकरविषयक प्रकरणात केला. ही रक्कम मालकाकडून नव्हे, तर ग्राहकाकडून येते. मालक ती केवळ पोहोचवतो, नोकरीच्या करारातून कर्मचाऱ्याला तिच्यावर हक्क मिळत नाही, म्हणून ती वेतन नाही आणि मालकाने त्यावर वेतनाप्रमाणे करकपात करण्याचे कारण नाही, असा निर्णय झाला.

करकायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत आहे. मात्र कामगाराच्या आयुष्याच्या दृष्टीने त्यातील तर्काचा अर्थ गंभीर आहे. भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस यांचा पाया वेतन हाच असतो. ज्या वेटरच्या घरखर्चाचा मोठा भाग बक्षिसीवर चालतो, त्याच्या निवृत्तीच्या हिशेबात त्या पैशाला जागा नसते. आजारपणात तो कामावर आला नाही, पावसाळ्यात पर्यटक रोडावले, महासाथीत हॉटेले बंद पडली, की ते उत्पन्न त्याच दिवशी थांबते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रम संहितांनी भत्त्यांच्या नावाखाली मूळ वेतन आक्रसण्यावर मर्यादा घातली आहे. पण ग्राहकाने स्वखुशीने टेबलावर ठेवलेली नोट कोणत्याही संहितेच्या व्याख्येत सहजी बसणारी नाही.

यातून निघणारा मार्ग फारसा गूढ नाही. सेवेचा खर्च व्यवसायाचाच खर्च आहे, तर तो भाडे, वीज आणि धान्याप्रमाणे पदार्थाच्या किमतीत धरला जावा आणि वेतन म्हणून कामगाराला मिळावा. मेनूकार्डवरील आकडा काहीसा वाढेल, परंतु तो दिसणारा आकडा असेल. ग्राहकाला ऑर्डर देण्यापूर्वीच खरी किंमत कळेल आणि कामगाराच्या हाती येणारा पैसा त्याच्या निधीतही मोजला जाईल. उद्योग या मार्गाला कचरतो, कारण स्पर्धेत मेनूवरील कमी आकडा आकर्षक वाटतो. बिलातील नंतरची ओळ ही त्या आकर्षणाची किंमत होती आणि ती ग्राहक व कामगार या दोघांकडून वसूल होत होती.

तोवर ग्राहकाची जबाबदारीही दुहेरी आहे. बिलात न विचारता शुल्क जोडलेले आढळल्यास ते काढून टाकण्याची मागणी करता येते. ती मान्य न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. अशी मागणी करण्यात कोणताही कमीपणा नाही. परंतु शुल्क नाकारण्याचा हक्क बजावताना बक्षिसी देण्याची सहृदयता हरवू नये, हेही तितकेच खरे. सक्ती गेल्यावर दातृत्वही जाणार असेल, तर उद्योगाचा जुना युक्तिवादच खरा ठरेल.

न्यायालय बिलातील एक ओळ खोडू शकते. तिच्या जागी योग्य वेतनाची ओळ लिहिण्याचे काम मात्र हॉटेलमालकांचे, कामगार संघटनांचे आणि शासनाचे आहे. ती ओळ ग्राहकाच्या बिलात नव्हे, तर कामगाराच्या पगारपत्रकात दिसायला हवी.