सोफा कोणासाठी?

हल्ली सोफा घेताना आधी रंग पाहतात, मग तो पडद्यांना शोभेल का ते पाहतात. बसणाऱ्याचे गुडघे मात्र कुणीच पाहत नाही! माझे स्पष्ट मत असे, की हॉलमधला सोफा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसवून, उठवून मगच निवडावा. बैठक जमिनीपासून १७-१८ इंच उंच, जराशी टणक, आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात हवेत. बुटक्या, मऊमऊ सोफ्यात रुतलेल्या आजोबांना उठताना दर वेळी नातवाला हाक मारावी लागते. मग ते बाहेर येऊन बसणेच सोडतात, आणि घरातल्या गप्पांतून एक माणूस कमी होतो.

१० बाय १२ फुटांच्या हॉलमध्ये ‘एल’ आकाराचा सोफा घातला की चालायला वाट उरत नाही. तिथे तिघांचा साधा सोफा नि दोन खुर्च्या पुरेत. आतल्या खोलीत पाहुण्यांसाठी सोफा-कम-बेड जरूर ठेवा, पण तो उलगडल्यावर खोलीचे दार उघडते ना, हे आधी टेपने मोजा. कोकणातल्यांनी कापडी सोफा भिंतीला अगदी टेकवू नये. पावसाळ्यात बुरशी धरते.

बाकी रंग काय, तुमच्या आवडीचा घ्या!