गुरूच्या दारी शेक-शेगडी

घरात उपवर मुलगी असली म्हणजे गुरुबळाची चौकशी होतेच. पण गुरू आकाशात पाहिला आहे कोणी? दिवाळीला बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला आजोळी गेलेल्या मुलांना ती संधी आहे. मुंबईच्या मानाने तेथे दिव्यांचा झगमगाट कमी. पहाटे अभ्यंगस्नानाला उठल्यावर अंगणातून वर पाहावे. शुक्राच्या खालोखाल तेजस्वी आणि न लुकलुकणारा, तो गुरू.

त्या ठिपक्यात आपल्या तेराशे पृथ्व्या मावतील; पाय टेकायला मात्र जमीन नाही. सारा हायड्रोजन व हेलियम यांचा पसारा! माणूस तेथे जाणार कसा? म्हणून अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने ५ ऑगस्ट २०११ रोजी ‘जुनो’ हे मानवरहित यान धाडले. जुलै २०१६ मध्ये ते गुरूभोवती फिरू लागले.

गुरूचे चुंबकीय क्षेत्र मोठे जबरदस्त. त्यात सापडलेले विद्युत्कण नाजूक यंत्रांवर सतत मारा करतात. यानाचा मेंदू टायटॅनियमच्या जाड पेटीत जपलेला. कॅमेऱ्याचे भिंग मात्र पेटीबाहेर. हा कॅमेरा निदान आठ फेऱ्या टिकावा, एवढीच अपेक्षा होती. त्याने चौतीस फेऱ्या बिनतक्रार काढल्या. पुढे मात्र दुखणे लागले, आणि २०२३ च्या अखेरीस चित्रांवर नुसत्या रेघाच उमटू लागल्या. तशात ज्वालामुखींनी भरलेल्या ‘आयो’ या चंद्राजवळून जाण्याचा मुहूर्त ३० डिसेंबरचा!

आता दुरुस्तीला कोण जाणार? पृथ्वीवरून सोडलेला संदेशच तेथे पोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. शास्त्रज्ञांनी मग आजीबाईंना पटेल असा उपाय केला. कॅमेऱ्यातला छोटा हीटर पुऱ्या जोराने चालवून त्याला शेक दिला! धातू तापवून सावकाश निवू दिला की त्यातले बारीक दोष जिरतात, त्यातलाच हा प्रकार. प्रथम गुण दिसेना. आयो जवळ येत चालला. मग एकाएकी चित्रे निवळू लागली, आणि ठरल्या दिवशी सुमारे १,५०० किलोमीटरांवरून कॅमेऱ्याने आयोची चित्रे टिपली, ती जवळजवळ नव्या कॅमेऱ्याच्या तोडीची!

ग्रह प्रतिकूल असला तर ग्रहशांत करावी, ही आपली रीत. या मंडळींनी ग्रहाला त्याच्या जागी राहू दिले आणि आपल्या यंत्राचे दुखणे ओळखून त्यावर इलाज केला. मुलांना गुरू दाखवाल तेव्हा एवढे जरूर सांगा.