हसऱ्या प्रेमकथांची कैफियत

ज्या डहाणू-तलासरीच्या मुलुखात गोदावरी परुळेकर यांनी वारली कष्टकऱ्यांना संघटित केले आणि त्या अनुभवावर पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ लिहिला, त्याच मुलुखात कोणी सुशिक्षित माणसाने पावसाळ्याच्या संध्याकाळी, कौलांवर सरी कोसळत असता, पायांवर गोधडी ओढून, नायक-नायिकेच्या रुसव्याफुगव्यांनी भरलेली आणि लग्नमंडपात संपणारी एखादी हलकीफुलकी कादंबरी वाचीत बसावे, ही गोष्ट आमच्या काही विचारवंत स्नेह्यांना अपराधासारखी वाटते. त्यांची फिर्याद अशी, की जेथे कुपोषणाने बालके दगावतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे पोटासाठी वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात, तेथे असले वाङ्मय म्हणजे वास्तवाकडे फिरविलेली पाठ होय. शिवाय जिचा शेवट पहिल्याच प्रकरणात कळतो, ती कथा वाचण्यात बुद्धीचा पुरुषार्थ तो कोणता?

या फिर्यादीचा पहिला भाग करुणेतून आलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर मी या भूमीच्याच इतिहासातून देतो.

१९४५ पूर्वी येथे ‘लग्नगडी’ ठेवण्याची एक क्रूर वहिवाट होती. वारली तरुणाने लग्नखर्चासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून थोडीशी रक्कम उचलावी, आणि तिच्या फेडीसाठी त्याने स्वतः, व मागाहून त्याच्या बायकोनेही, त्या धन्याच्या दारी राबावे. कर्ज मात्र फिटू नये, कारण हिशेबाची वही धन्याच्याच हाती. ज्या मुहूर्तावर इतरांचा संसार सुरू होतो, त्याच मुहूर्तावर येथे दोघांचे दास्य सुरू होत असे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या परिषदेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. त्यानंतर लाल बावट्याखाली गावोगाव फिरून लोकांनी ज्यांना मुक्त केले, त्यांत हे लग्नगडीही होते. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जणांचे प्राण गेले.

आता मला कोणी सांगावे, की दोन जीवांनी एकमेकांना पसंत करणे, भांडणे, अबोला धरणे आणि पुन्हा हसत एकत्र येणे हा विषय या तालुक्यांत क्षुल्लक कसा ठरतो? ज्यांच्या डोक्यावर कोणाचे कर्जखत नाही, त्यांनाच रुसायला सवड असते. गोदावरीबाईंचा ग्रंथ ज्या हक्काच्या लढ्याची हकिकत सांगतो, तोच हक्क रोजच्या व्यवहारात निर्धास्तपणे उपभोगला जाताना कसा दिसतो, हे ती हसरी कादंबरी सांगते. या दोहोंत वैर आहे असे मानणे ही दोहोंवरही अन्यायाची गोष्ट आहे. आणि वारली लोकांनी तरी विवाहाचा आनंद हलका कधी मानला? त्यांचे लग्न लावते ती धवलेरी ही स्त्री, आणि लावते तेही गाण्यांतून. जिव्या सोमा म्हसे यांनी गंजाडहून जगभर नेलेल्या चित्रकलेचे मूळ सुवासिनींनी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेल्या चौकात आहे.

वास्तवापासून पळण्याचा आरोप तर एका कैदी स्त्रीनेच खोटा पाडला आहे. इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयर हिच्या चरित्रात नमूद आहे, की रुमानियातील एका राजकीय कैदी स्त्रीने हेयरच्या ‘फ्रायडेज चाइल्ड’ या विनोदी प्रेमकादंबरीचे कथानक बारा वर्षे सोबतच्या बंदिवानांना सांगून त्यांचे मन थाऱ्यावर ठेवले. तिला पळून जाण्यास जागाच नव्हती.

शेवट आधीच कळतो, हे मला पूर्णपणे मान्य आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ पासून रंगभूमीवर आहे, आणि रेवती-अश्विनशेटचे अखेर जमणार हे ठाऊक नसलेला प्रेक्षक आजवर क्वचितच त्याला बसला असेल. तरी मूर्च्छा आलेल्या रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि एका घरातला संशय दुसऱ्या घरात शिरतो, तेव्हा प्रेक्षागृह नव्याने सावरून बसते, कारण कौतुक असते ते गाठ कशी पडते आणि कशी सुटते याचे. हे कसब अवघड आहे. ना. सी. फडक्यांनी कथानकाच्या रचनेचा एवढा आग्रह धरला तो उगाच नव्हे. परंतु कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या दीर्घ वादात हसरी प्रेमकथा दोन्ही पक्षांच्या समीक्षकांनी दफ्तराबाहेरच ठेवली, आणि वाचकाला आपल्या आवडीची लाज वाटू लागली. डहाणू रोडहून सुटणाऱ्या लोकलमध्ये रात्रपाळी करून परतणारी एक परिचारिका मी पाहिली आहे. तिच्या पुस्तकाला खाकी कागदाचे वेष्टण होते. ती मध्येच खुदकन हसली, ओढणी तोंडाशी धरली, आणि माझी नजर गेलेली पाहताच पुस्तक मिटून पिशवीत घातले. रात्रभर दुसऱ्यांच्या वेदनांशी झुंजलेल्या त्या बाईला तेवढे हसणे चोरून हसावे लागावे, याचा मला संताप येतो.

अशी प्रत्येक कादंबरी चांगली असते असा माझा दावा नाही. नायिकेच्या नकारालाच होकार समजणारी किंवा घरकामाच्या बाईवर विनोद करणारी कादंबरी मी खुशाल बाजूस सारतो. माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. आमच्या हसऱ्या प्रेमकथा पुण्याच्या पेठा आणि मुंबईच्या चाळी यांच्या बाहेर फारशा पडल्याच नाहीत. घोलवडच्या चिकूवाडीत हिशेब लिहिणारा तरुण, बोर्डीच्या शाळेतील मानी शिक्षिका, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत झालेली चुकामूक, आवणीच्या घाईत लांबलेला निरोप आणि त्यातून वाढलेला गैरसमज, हे सारे साहित्य येथे पडून आहे. ते वारली आणि मांगेली बोलीतील संवादांसह लिहू शकतील अशी मुलेमुली आज याच तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांनी आपल्या माणसांच्या केवळ दुःखाचीच कथा लिहावी, असा आग्रह त्यांच्या अध्यापकांनी धरू नये.