गावातच घडू द्या कृषिदूत

पावसाळा सुरू झाला की सातारा-सांगलीच्या गावांत कृषिदूत आणि कृषिकन्या येऊ लागतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातली ही मुलं-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी थेट बांधावर येतात आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप असतं. उदाहरणार्थ, ओल्या गोणपाटात सोयाबीनचे 100 दाणे गुंडाळून ठेवायचे. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं, कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवायचं. एवढ्या साध्या चाचणीने घरचं बियाणं विश्वासाने पेरता येतं. तासगावच्या द्राक्षबागेत मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, फवारणी थांबवायची. असं डोळ्यांदेखत पटलेलं शेतकरी विसरत नाही. पण पेरण्या उरकल्यावर दाखवलेली उगवण चाचणी त्या हंगामाच्या काय कामाची? आणि सत्र संपलं की मुलं परत जातात, पुढच्या मे महिन्यात गोणपाट भिजवायला कुणीच उरत नाही. म्हणून बोरगाव, कालवडे आणि कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रांनी प्रत्येक कृषिदूतासोबत गावातला एक तरुण आणि एक तरुणी जोडावी, त्यांना माती परीक्षणापासून फवारणीपर्यंत शिकवावं आणि या कामाचं मानधन द्यावं. शेतीत राहू पाहणाऱ्या पोरांना गावातच मानाचं काम मिळेल, आणि सल्ला पेरणीच्या आधी दारात पोहोचेल.