घेण्यापूर्वी घराची पाठ पाहावी

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी लेखक नव्हे. मॅट्रिक होऊन वडिलांच्या भुसार मालाच्या घाऊक दुकानात बसलो, तो चाळीसहून अधिक वर्षे तेथेच आहे. बाजाराचे दर, कर व वाहतूक यांवर माझ्याहून अधिकारी मंडळी लिहितील. मला निराळ्याच एका व्यवहाराविषयी लिहावयाचे आहे. हा व्यवहार आपण जन्मात एकदा, फार तर दोनदा करतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपली व्यापारी बुद्धी दुकानात ठेवून जातो. तो व्यवहार म्हणजे राहते घर विकत घेणे.

पोत्याचे तोंड उघडून वर दिसेल तेवढा माल पाहून आपल्यापैकी कोणीही सौदा करीत नाही. आपण परखी खुपसतो, तळातला दाणा तळहातावर घेतो, वास घेतो, दाताखाली चावून ओल पाहतो. तोंडाशी चांगला माल आणि पोटात हलका, ही लबाडी बाजाराइतकीच जुनी आहे हे आपण जाणतो. घराचा दर्शनी भाग व दिवाणखाना हे पोत्याचे तोंड होय. तेथे नवा रंग दिसतो, झोपाळा दिसतो, चहा मिळतो. पोत्याचा तळ म्हणजे मागची भिंत, जोते, छप्पर आणि बाजूचा बोळ. तिकडे जाण्यास मात्र आपण लाजतो.

मीही लाजलो होतो. १९९४ साली भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर बेळगावच्या जुन्या भागात मी एक कौलारू घर पाहिले. विकणारे गृहस्थ वयोवृद्ध, आपल्याच समाजातील, वडिलांच्या ओळखीचे. दिवस वैशाखाचे, आणि घराला नुकताच चुना दिलेला. मागच्या बोळात डोकावून यावे असे मनात आले होते, परंतु त्यांच्यासमोर त्यांच्या भिंती ठोकून पाहणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे वाटले. अक्षय्य तृतीयेला विसार दिला.

आषाढात आई एकदा म्हणाली, "अरे, माझ्या खाटेजवळची भिंत हाताला गार लागते." मी उत्तर दिले, "पावसाळा आहे, आई. सगळ्यांच्याच भिंती गार लागतात." श्रावणात एका सकाळी ती भिंत खाली बसली. त्या वेळी आई मंदिरात गेली होती, एवढेच आमचे पुण्य. शेजारच्या छपराच्या पागोळ्या थेट आमच्या मातीच्या भिंतीच्या पायाशी पडत होत्या. पाण्याने पडलेला चर बोळात चार पावले टाकली असती तर लहान मुलालाही दिसला असता. भिंत पुन्हा दगडात बांधून काढताना पत्नीच्या पाटल्या गेल्या. आईने मला कधी बोल लावला नाही, परंतु पुढे कित्येक वर्षे ती रात्री आपली खाट भिंतीपासून हातभर ओढून मगच निजत असे.

मी रागाने वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले, ते सर्व सभासदांनी ध्यानात ठेवावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने मालमत्तेतील महत्त्वाचा दोष सांगितला पाहिजे हे खरे. पण कोणता दोष? जो त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि घेणाऱ्याने सामान्य काळजी घेऊनही जो त्याला कळला नसता, असा दोष. बोळातला चर डोळ्यांनी दिसत होता. तो न पाहणे ही माझी चूक ठरली. पागोळ्यांविषयीही तेच. एखाद्या छपराचे पाणी शेजारच्या जागेत वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून व अखंड पडत आले, तर तो सुविधाधिकार होऊन बसतो. शेजाऱ्याचे छप्पर त्याहून जुने होते. अर्थात् घराच्या बाहेरून जे दिसते त्याची जबाबदारी कायदाही बहुतांशी घेणाऱ्याच्याच माथी ठेवतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : घर आतून पाहण्यापूर्वी बाहेरून पाहावे, आणि शक्य तर भर पावसात पाहावे. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचाच धरा, पण पाहणी आदल्या आषाढात करा. पाणी कोठून पडते, कोठे साचते आणि कोठून जाते, हे चुन्याने झाकता येत नाही.

प्रथम रस्त्यावर उभे राहून छपराचे आढे पाहावे. ते मध्ये लवले असेल तर आतले लाकूड थकले आहे असे समजावे. मग उंबरा व रस्ता यांची उंची ताडून पाहावी. डांबराचे थरावर थर चढून जुन्या गल्ल्यांतील रस्ते वर आले आणि कित्येक घरे खाली गेली आहेत. जोत्यालगत पांढरा लोणा फुटला असेल, अथवा सगळी भिंत जुनी आणि तळाचा हातभर गिलावाच नवा असेल, तर तेथे ओल आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून रुंदावत गेलेली भेग पाया खचल्याची खूण असू शकते. बैलहोंगलकडील काळ्या जमिनीत याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. स्लॅबच्या घरात सज्जाची खालची बाजू पाहावी. तेथे तांबूस ओघळ दिसले तर आतली सळई गंजत आहे. नदीकाठच्या गावी भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ शोधावी आणि शेजाऱ्यांना विचारावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली, हे विसरण्याजोगे नाही.

खरेदीपत्रातील चतुःसीमा आपण नोंदणी कचेरीत वाचतो. ती हातात धरून घराभोवती एकदा चालावे. कागदावरचा बोळ जागेवर आहे काय, शेजाऱ्याची खिडकी कोणाच्या अंगणात उघडते, हे पायांनीच कळते.

आपल्या घरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. जोत्यावरून वर चढणाऱ्या वाळवीच्या मातीच्या नळ्या पुष्कळदा बाहेरूनच दिसतात. एकदा घर घेतले की औषध घालून त्या जीवांचा संहार करावा, की लाकूड जाऊ द्यावे, असा पेच पडतो. अहिंसा मानणाऱ्या गृहस्थाला तो किती जड जातो हे सांगावयास नको. आधी पाहिले तर हा प्रसंगच टळतो.

कोणी म्हणेल, बँकेचा माणूस येऊन पाहून जातोच. तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही हे पाहतो. त्याची आई त्या भिंतीशी निजणार नसते. एखादा जाणता गवंडी सोबत न्यावा व त्याची दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी.

राहता राहिली भीड. आपण नात्यात व ओळखीतच बरेच व्यवहार करतो, त्यामुळे पाहण्याची लाज आणि दाखविण्याचा राग, दोन्ही आपल्यात अधिक. बाजारात मात्र प्रामाणिक व्यापारी गिऱ्हाइकाने परखी मारली म्हणून रागावत नाही, उलट स्वतःच पोते पुढे करतो. सभासद बंधूंनी घराच्या व्यवहारातही हीच रीत पाळावी असे माझे नम्र निवेदन आहे. विकणाऱ्याने चहापूर्वी पाहुण्याला मागल्या बोळात न्यावे आणि घराचे दुखणे स्वतःच्या तोंडाने सांगावे. त्याने किंमत थोडी कमी येईल. पण पुढे भर पावसात दुसऱ्याच्या आईला आपली खाट भिंतीपासून दूर ओढावी लागणार नाही.

इत्यलम्. जय जिनेंद्र.