विश्लेषण : योग, श्वास आणि 'नॉर्मल' डिलिव्हरी... तयारी नेमकी कशाची करायची?

आमच्या वहिनीला सातवा महिना लागला, तेव्हा घरात पहिली चर्चा बाळाच्या नावाची झालीच नाही. कळा सुरू झाल्या तर साकीनाक्याहून राजावाडीला जायचं कसं, यावरच सगळे बोलत होते. मेट्रोने घाटकोपर तीन स्टेशनांवर, पण रात्री दोनला मेट्रो नसते. आणि संध्याकाळी सातला अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षा हलत नाही.

दुसरी चर्चा तिच्या मोबाइलवर आलेल्या जाहिरातीची. प्रसूतीपूर्व योग आणि मनाचं प्रशिक्षण घ्या, नॉर्मल डिलिव्हरी होणारच! कोर्स ऑनलाइन, फी हजारांत. तिने सरळ विचारलं, "हे केलं तर सिझर टळेल का?"

हमी कुणीच देऊ शकत नाही. बाळ आडवं असेल, वार खाली असेल किंवा बाळाचे ठोके घसरत असतील, तर कोणतंही आसन कामाला येत नाही. मग हे सगळं करायचं कशाला?

भीतीचा कळांशी काय संबंध?

ब्रिटिश प्रसूतीतज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी 1933 मध्येच लिहून ठेवलं होतं, की भीतीने शरीर आखडतं, आखडल्याने वेदना वाढतात आणि वेदनेने पुन्हा भीती वाढते. इंजिनिअरिंगला आम्ही यालाच पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणायचो. नावात पॉझिटिव्ह असलं तरी परिणाम वाईटच. पुढे फ्रान्सचे डॉ. लमाझ 1951 मध्ये सोव्हिएत संघात जाऊन तिथली पद्धत पाहून आले आणि श्वासाचं प्रशिक्षण जगभर पोहोचलं. हे चक्र कुठेतरी तोडायचं, एवढाच या तयारीचा हेतू. कळ आली की खांदे सैल सोडायचे, जबडा आवळायचा नाही, श्वास लांब सोडायचा. हे ऐन वेळी सुचत नाही. आधी दोन-तीन महिने रोज केलेलं असेल तरच अंगवळणी पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या प्रसूतीविषयक शिफारशींत श्वसन, स्नायू शिथिल करणं, संगीत, सजगता यांचा वेदना सुसह्य करण्याचे उपाय म्हणून समावेश आहे. पण सिझर टाळण्याचा उपाय म्हणून नाही. त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्यातही योगाने वेदना कमी होऊ शकतात असं म्हटलं आहे, पण पुरावा कच्चा असल्याची नोंदही आहे. जाहिरातीत नेमकी ही दुसरी ओळ गाळली जाते. बाळ हुशार होईल, गोरं होईल असं सांगून 'गर्भसंस्कारा'च्या नावाने पॅकेज विकणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

दहा बाय दहाच्या खोलीत काय करता येतं?

आपल्याकडे हा विषय नवा नाही. सांताक्रूझची 'द योगा इन्स्टिट्यूट' 1918 पासून सुरू आहे. संस्थापक योगेंद्र यांच्या पत्नी सीतादेवी यांनी 1934 मध्येच स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिलं. तिथे गर्भवतींसाठी वर्गही चालतात. पण खैरानी रोडच्या गल्लीतून, कारखान्याची शिफ्ट सांभाळून तिथवर रोज कोण जाणार?

सुदैवाने लागतं थोडंच. भिंतीला पाठ टेकून बद्धकोनासन, हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन, भ्रामरी, आणि रोजचं चालणं. पोटावर दाब येईल असं काही करायचं नाही, श्वास रोखायचा नाही. कपालभाती आणि भस्त्रिका बंद. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर सपाट फार वेळ पडायचं नाही. सुरुवात करायची ती डॉक्टरांना विचारूनच. वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, बीपी खूप वाढलेलं असेल किंवा आधी वेळेपूर्वी कळा आल्या असतील, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय व्यायाम नाही. रक्तस्राव, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर चटई गुंडाळून थेट रुग्णालय गाठायचं.

मग सिझर इतके का वाढले?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात 21.5 टक्के बाळंतपणं सिझरने झाली, महाराष्ट्रात 25.4 टक्के. देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण 14.3 टक्के, तर खासगीत 47.4 टक्के. सरकारी आणि खासगीत जाणाऱ्या बायकांची शरीरं काही तिपटीने वेगळी नसतात. उलट धोक्याच्या केसेस अनेकदा मोठ्या सरकारी रुग्णालयांकडेच पाठवल्या जातात. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी 2017 मध्ये ऑनलाइन याचिका केली ती यासाठीच, की रुग्णालयांनी आपलं सिझरचं प्रमाण जाहीर करावं.

म्हणजे बाईने घरी सहा महिने श्वास शिकायचा आणि लेबर रूममध्ये तिला पाठीवर झोपवून ठेवायचं, जवळ कुणी नाही, वर 'ओरडू नको' अशी दटावणी, तर त्या तयारीचं होणार काय? योगापेक्षा भक्कम पुरावा सोबतीचा आहे. पंधरा हजारांहून अधिक महिलांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेनचा 2017 चा आढावा सांगतो, की सतत सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते, सिझरची घटते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. अट अशी, की ती स्वतः बाळंतपणातून गेलेली स्त्री असावी. ही गोष्ट किती घरांना माहीत आहे?

वेळेचंही तसंच. पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना हिशेब आता धरू नये, असं 2018 च्या त्याच शिफारशी सांगतात. तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर खऱ्या जोरकस कळांचा टप्पा धरायचा. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ वेग कमी म्हणून घाई करायची नाही.

आणि तरीही सिझर लागलंच तर? ते नापास होणं नव्हे. गरज असलेल्या प्रत्येक बाईला ते मिळावं, ठराविक टक्केवारी गाठण्याचा हट्ट नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच म्हटलं आहे. 'एवढा योग केलास आणि शेवटी पोटच कापलं?' हे वाक्य मी आमच्याच चाळीत ऐकलंय, तेही टाके न सुकलेल्या बाईसमोर.

वहिनीने कोर्स घेतला नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी असते. येत्या 9 तारखेसाठी तिने फाईलच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवलेत : सोबत कुणाला आत घेता येईल, कळांमध्ये चालू द्याल का, आणि सिझर ठरलं तर कारण आम्हाला कोण समजावून सांगेल. सोबतीला आई येणार आहे. सध्या रोज रात्री दोघी मिळून भ्रामरी करतात, आणि शेजारच्या खोलीतला टीव्ही तेवढ्यापुरता बारीक होतो.