बर्फ वितळले की फुलणारी मार्श मेरीगोल्ड

नावात मेरीगोल्ड असले, तरी झेंडूशी हिचे काही नाते नाही. ही बचनाग व कलौंजीच्या कुळातली. काश्मीर-हिमाचलच्या उंच भागात बर्फ वितळले की झऱ्याकाठच्या चिखलात ही बहुवर्षायू वनस्पती फुलते. पाने गोलसर, चकचकीत. फुले हळदीसारखी पिवळीजर्द. (काश्मीरकडे पांढऱ्या फुलांचीही आढळते.)

मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात ती तग धरत नाही. तिथे हौस न केलेलीच बरी. सिमला-मनालीकडे राहणाऱ्यांनी मात्र अवश्य लावावी. भोक नसलेल्या टबात बागेतली माती व पानांचे कुजलेले खत घालावे. पाणी साचले तरी चालेल, माती वाळता कामा नये. बी ताजे असतानाच पेरावे, जुने सहसा रुजत नाही. त्यापेक्षा बहर ओसरल्यावर जुने ठोंब फोडून लावणे सोपे. रानातून रोपे उपटून मात्र आणू नयेत; कुणाच्या बागेतला ठोंब मागून घ्यावा.

घरात रांगते मूल किंवा दारात गाय असेल, तर टब त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावा. ओल्या रोपाचा रस विषारी असतो; अंगाला लागल्यास आग होते, कधी फोडही येतात. ठोंब फोडताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.